धारचं अळू

आमच्या घरात कुणाच्या हातून काही बिघडलं, की त्याला 'धारचं अळू' म्हणतात. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, झालं धारचं अळू. बाबांनी दुरुस्त केलेला पंखा उलटा फिरायला लागला, धारचं अळू. मी नववीत गणितात काठावर पास झाले, तेव्हा आईने गुणपत्रिका हातात घेऊन एवढंच म्हटलं होतं. घराबाहेरच्या माणसाला यातलं काहीच कळायचं नाही, म्हणून आधी ते सांगते.

माझी आत्या धारला राहते, आम्ही देवासला. दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला ती आमच्याकडे येते. त्या दिवशी नैवेद्याला सोळा भाज्या लागतात, आणि त्यांतलं अळूचं फदफदं आत्याने करायचं, हे तिच्या लग्नाआधीपासून ठरलेलं. चिंच, गूळ, चण्याची डाळ, शेंगदाणे, वर खोबऱ्याचे काप. मी आठ वर्षांची होते त्या साली तिने धारहून तिच्या परसातलं अळू आणलं आणि नेहमीसारखंच फदफदं केलं. नैवेद्य दाखवायच्या आधी काही चाखायचं नसतं, त्यामुळे पहिला घास थेट गुरुजींनी घेतला. दुसराही घेतला. तिसऱ्याला त्यांचा हात घशाकडे गेला. मग पंगतच्या पंगत खाकरायला लागली. पाच सवाष्णी, शेजारचं जोडपं, बाबांच्या ऑफिसातले एक साहेब. गुरुजींना आशीर्वादाचा मंत्र म्हणता येईना. ते नुसते हात वर करून उभे राहिले, आणि आम्ही सगळ्यांनी तो ऐकल्यासारखं करून नमस्कार केला. साहेब "कोई बात नहीं, कोई बात नहीं" म्हणत तीन वाट्या ताक प्याले आणि त्यानंतर आमच्याकडे कधी आले नाहीत.

पुढच्या वर्षापासून अळू आईने करायला घेतलं आणि आत्याला लिंबं चिरायला दिली. गेली पंधरा वर्षं आत्या लिंबं चिरते आहे. ती एका शब्दाने तक्रार करत नाही. फक्त एका लिंबाच्या आठ फोडी इतक्या सारख्या करते, की बघणाऱ्याला अपराधी वाटावं.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आम्हाला डिझर्टेशनचे विषय वाटले, तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. पुढच्या मुलींनी हात वर करकरून औषधी वनस्पती घेतल्या, शेवाळं घेतली. मी हात वर करायचा विचार करत होते, तेवढ्यात विषय संपले. जो उरला तो मॅडमनी मला दिला: अळूच्या कुळातल्या तीन जवळच्या जातींच्या पानांची आतली रचना, तुलना करून. खायचं अळू, कॉलेजच्या बागेतलं शोभेचं अळू, आणि मॅडमच्या बाल्कनीत कुंडीत वाढणारं तिसरं एक. तिघी चुलत बहिणी म्हणा. चेहरा एकच, स्वभाव वेगळे.

घरी आले आणि जेवताना सांगितलं.

"म्हणजे नक्की काय करायचं?" आईने विचारलं.

"पानांचे पातळ काप घ्यायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचे."

"कसली पानं?"

"अळूची."

आईने गॅस बंद केला. बाबा हात धुवायला म्हणून उठले ते फोन घेऊन अंगणातच गेले. पाव तासाने मला धारहून फोन आला.

"बेटा, माझं अळू घेऊन जा," आत्या म्हणाली. "तुझ्या त्या मशीनमध्ये घाल. एकदा काय तो निकाल लागू दे."

"आत्या, मशीन नाही, मायक्रोस्कोप."

"तेच ते. त्यात खाजरं कोणतं ते दिसतं ना?"

खरं तर मी म्हणायला हवं होतं की सगळ्याच अळूत थोडाफार खाजरेपणा असतो, कमीजास्त असतो, मोजायला वेळ लागतो, आणि मला अजून काप घेतासुद्धा येत नाही. पण मला 'नाही' म्हणायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्यात समोरचं माणूस पुढे निघून गेलेलं असतं. मी म्हटलं, "हो."

"मग झालं तर. माझं अळू चांगलं निघालं, तर यंदा पळी माझ्या हातात. नाही निघालं, तर मरेपर्यंत लिंबं चिरीन. वहिनीला सांग."

मी आईला सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "चालेल. वन्संना म्हणावं, कॉलेजचं लेखी लागेल."

पुढच्या रविवारी मी धारला गेले. आत्याने परसात हातपंपाच्या सांडपाण्यावर अळूचा वाफा केला आहे. पानं माझ्या कमरेएवढी, काळपट देठांची, टोकं जमिनीकडे झुकलेली. मी वही काढून नोंदी करायला लागले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे पानाच्या भागांची मराठी नावं मला येत नव्हती, म्हणून आत्याला बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणतात?

"देठ." ती माझ्याकडे बघत राहिली. "देठ माहीत नाही, आणि एमएस्सी?"

मग तिनेच मला शिकवायला घेतलं. पंपातून ओंजळभर पाणी घेऊन तिने पानावर टाकलं. पाण्याचे गोळे झाले, पाऱ्यासारखे इकडून तिकडे धावले आणि खाली पडले. पान कोरडं ते कोरडंच. "खऱ्या अळूवर पाणी थांबत नाही," ती म्हणाली. "तुझ्या आईला हे माहीत आहे का, विचार."

मी विचारणार नव्हते. दोघींच्या मधे मी कायम निरोप्या असते, पण अर्धे निरोप मी पोचवत नाही. म्हणून दोघी अजून बोलतात.

आत्याने वीस पानं ओल्या फडक्यात बांधून दिली. वर मॅडमसाठी बेसनाचे लाडू. "लाच नाही म्हणावं, प्रसाद आहे."

परतताना इंदूरला बस बदलली आणि देवासच्या बसमध्ये ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता डोकावून पाहिलं.

"ये अरबी के पत्ते किधर ले जा री हो, बेन?"

"कॉलेज," मी म्हटलं.

त्याने ड्रायव्हरला हाक मारली. "सुन रिया है भिया? कॉलेज में अब पकौड़े सिखा रिये हैं!"

शेजारच्या बाई त्यानंतर देवासपर्यंत मला बेसनात ओवा किती घालायचा ते समजावत होत्या. मी शेवटी वहीत लिहून घेतलं. त्यांना बरं वाटलं.

पानाचा काप घेणं म्हणजे काय, हे ज्याने घेतलेला नाही त्याला सांगणं कठीण आहे. गाजराचा तुकडा मधोमध चिरायचा, त्याच्या फटीत पानाची पट्टी धरायची आणि ब्लेडने इतका पातळ काप घ्यायचा की त्यातून आरपार दिसलं पाहिजे. पहिले पंधरा दिवस माझे काप गाजराच्या कोशिंबिरीत घालण्याच्या लायकीचे होते. मॅडम यायच्या, एका डोळ्याने भिंगातून बघायच्या आणि म्हणायच्या, "ही भिंत आहे. मला पान हवंय." वर रंग द्यायचा तो गुलाबी, बोटांवरून आठ आठ दिवस न जाणारा. आई विचारायची, "कुणाकडे हळदीकुंकू होतं?"

मग एक दिवस काप नीट जमला. भिंगाखाली मऊ हिरवट पेशींच्या मधे एक लांबट पेशी होती, चरख्याच्या चातीसारखी, दोन्ही टोकांना निमुळती, आणि आत शेकडो सुया एकत्र बांधलेल्या. मी बघत असतानाच काचेवरचं पाणी तिच्यात शिरलं आणि तिने एका टोकातून सुया सोडायला सुरुवात केली. एक, मग दोन, मग मूठभर. पिचकारीसारख्या. कुणी हात लावलेला नव्हता, कुणी काही बोललं नव्हतं. मी मागे सरकले आणि नकळत घशाला हात लावला. पंधरा वर्षांपूर्वी गुरुजींनी लावला होता तसाच.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भिंगाखाली जायच्या आधी डोळ्यांनी बघ. खायच्या अळूचा देठ पानाच्या काठाला नसतो, आत, पाठीवर जोडलेला असतो, छत्रीच्या दांडीसारखा, आणि पानाचं टोक खाली झुकतं. शोभेच्या अळूचा देठ थेट खाचेच्या टोकाशी लागतो, आणि पान नाक वर करून उभं राहतं. मी ते वहीत लिहिलं, आकृती काढली, खाली रेघ मारली. एवढं सगळं केलं, फक्त घरात मान वर करून पाहिलं नाही. पण ते पुढे येईल.

धारचं अळू आणि आमच्या परसातलं देवासचं अळू यांचे काप मी शेजारी शेजारी ठेवले. एकदा माझ्या चिठ्ठ्या निघून गेल्या आणि कोणती काच कुठली तेच कळेना. मॅडमनाही कळेना. दोन्हींत पानाच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे, ज्यांच्यामुळे पाणी थांबत नाही. दोन्हींत सुयांच्या पेशी, पण तुरळक. शोभेच्या अळूच्या कापांत मात्र त्या इतक्या होत्या, की मी मोजताना दोनदा चुकले.

याच काळात आत्याचा रोज फोन. "लागला का निकाल?" आई फोन करायची नाही, फक्त पोळी वाढताना माझ्या ताटावर क्षणभर थांबायची.

शेवटी एका संध्याकाळी मी जाहीर केलं. धारचं आणि देवासचं अळू अगदी एक आहे. आत्याच्या अळूत काही दोष नाही.

मला वाटलं होतं, यावर आई थोडी खट्टू होईल. आईचा चेहरा उजळला.

"म्हणजे पान चांगलं होतं," ती म्हणाली. "मग घसे कशाने खाजले? हातानेच ना! मी तेव्हाच म्हटलं होतं, चिंच कमी पडली."

आतापर्यंत निदान अर्धा दोष पानावर होता. मी शास्त्राच्या मदतीने तो पानावरून काढून पूर्णच्या पूर्ण आत्यावर ठेवला होता. फोनवर तिला सांगितलं.

"चिंच मी मूठभर घातली होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "बरं. यंदा लिंबं धारहूनच आणते. इथली रसाळ आहेत."

त्यानंतर तिचा फोन आला नाही.

महालक्ष्म्यांना आठवडा उरला होता. दुपारी एकटीच जेवत होते. आमच्या फ्रीजच्या वर भिंतीला माझा एक फोटो आहे, घसे खाजले त्याच वर्षीच्या महालक्ष्म्यांचा, बाबांनी काढलेला. मी परकर-पोलक्यात अंगणात उभी आहे, पुढचे दोन दात पडलेले आहेत, आणि डोक्यामागे एवढं मोठं अळूचं पान धरलं आहे. घरी येणारा प्रत्येक जण तो बघून हसतो, म्हणून मी तिकडे बघायचं सोडून दिलं होतं. त्या दिवशी घास तोंडात होता आणि सहज नजर गेली.

पानाचं टोक आभाळाकडे होतं. देठ खाचेच्या अगदी टोकाशी लागला होता.

मी उठून खुर्चीवर चढले, फोटो नाकाजवळ धरला. शंकाच नव्हती. भिंग लागत नव्हतं. पंधरा वर्षं ते पान फ्रीजवरून आमच्याकडे बघत होतं.

आणि मग सगळं आठवलं. तेव्हा गेटजवळ बाबांनी नर्सरीतून आणलेलं एक झाड होतं, हत्तीच्या कानांसारख्या पानांचं. पुढे स्कूटर ठेवायला जागा हवी म्हणून ते काढून टाकलं. त्या दिवशी धारचं अळू कमी पडलं, आणि आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, "चार मोठी पानं तोडून आण गं!" कुठून, ते विचारायला हवं होतं. पण आत दहा बायका होत्या. मी सगळ्यांत मोठी पानं होती तिथून तोडली. एक डोक्यामागे धरून फोटो काढून घेतला. मग आत्याने बांधल्या होत्या तशाच गुंडाळ्या करून ढिगाच्या बाजूला ठेवल्या आणि न बोलता बाहेर आले.

चार दिवस मी कुणाला सांगितलं नाही. फोटोवर दुकानातून मिळालेलं कॅलेंडर लावून पाहिलं. आईने ते काढून दाराला लावलं. पाचव्या दिवशी मॅडमना सांगितलं, कारण त्या आमच्या कुणी लागत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "फोटो स्वच्छ आहे का? मग परिशिष्टात टाक."

महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी आत्या ओट्याशेजारी पाटावर बसली होती. पुढ्यात विळी, धारहून आणलेली लिंबं. आई गॅसपाशी अळू शिजवायला घेत होती. दोन काकू पुरण वाटत होत्या. मी एक वाक्य तयार केलं होतं, ते इंग्रजीत झालं होतं, आणि त्याचं मराठी जुळेना. म्हणून फोटो भिंतीवरून काढला आणि लिंबांच्या मधोमध ठेवला.

"आत्या, देठ बघ."

"हे काय आता?" तिने चष्मा शोधला, पुसला, लावला. फोटो आधी दूर धरला, मग जवळ. लिंबू चिरायचं थांबलं.

"हा तर गेटाजवळचा हत्तीकान," ती म्हणाली.

"हो."

"तो भाजीत गेला?"

"हो."

"कुणी नेला?"

"मी."

पुरण वाटायचं थांबलं. आई वळली. "तिकडून तोडायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"तू म्हणालीस, मोठी आण."

"आणि चिरलं कोणी?" आत्याने विचारलं. अगदी हळू, लिंबाची बी काढावी तसं.

आई परत गॅसकडे वळली. धाकट्या काकू पुरणाकडे बघत म्हणाल्या, "वहिनींनीच चिरलं होतं त्या वर्षी. मी नारळ खोवत होते ना, बाजूलाच."

"आता गुंडाळी उलगडून उलगडून बघत बसायचं का?" आई म्हणाली. "घरात वीस माणसं, गुरुजी दारात..."

"वहिनी," आत्या उठली, पदर खोचला आणि हात पुढे केला. "पळी."

आईने पळी दिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी जमिनीकडे बघत होते. आत्या माझ्याजवळून जाताना म्हणाली, "तू बस पाटावर. पंधरा वर्षं लिंबं चिरायची आहेत."

मी बसले.

गुरुजी तेच होते, आता जरा वाकलेले. पानावर बसताना ते दरवर्षी विचारतात तसं त्यांनी विचारलं, "अळू कुणी केलंय?"

"मी," आत्या म्हणाली.

त्यांनी वाटीवर तळहात ठेवला. रागाने नाही, सवयीने, उन्हात डोळ्यांवर धरतात तसा. सवाष्णींनीही एकमेकींकडे पाहिलं. आत्या पातेलं घेऊन उभी राहिली. वाफ तिच्या चष्म्यावर जमत होती.

"आधी हिला वाढ," गुरुजी म्हणाले.

तेविसाव्या वर्षीही घरातली एकमेव कुमारिका म्हणून मी पंगतीला असते, अगदी टोकाला. आत्याने माझ्या वाटीत पळीभर फदफदं घातलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझा घसा खायच्या आधीच खाजायला लागला. आदल्याच महिन्यात त्या सुया सुटताना पाहिल्या होत्या. तुरळक असतात, हे मीच लिहिलं होतं. तुरळक म्हणजे किती, हे वाटीकडे बघताना आठवेना.

मी घास घेतला. चिंच पुढे आली, मग गूळ, मग शेंगदाणा दाताखाली फुटला. गिळलं. थांबले. आत्याही थांबली होती, पळी हवेत. लहानपणापासून मला भरल्या पंगतीत मोठ्याने काही बोलता आलेलं नाही. मीठ हवं असेल तरी मी न मागता जेवते.

"आत्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज पार ओसरीपर्यंत गेला, "अजून वाढ."

गुरुजींनी वाटीवरचा हात काढला. आत्याने त्यांना काठोकाठ वाढलं. दुसऱ्या हातात मात्र त्यांनी लिंबाची एक फोड तयार धरून ठेवली होती. ती मी चिरलेली होती, एकीकडे जाड आणि एकीकडे सालच साल.